चार परवाने

लॅबच्या दारावर कुणीतरी खडूने लिहिलंय:
‘परवाने चार, उमेदवार बाहत्तर.’
मी पुसलं नाही. हिशेब बरोबर आहे.

चौघांचीच सर्किटं चालतात एका वेळी.
पाचव्याला पडद्यावर लाल ओळ येते,
तो पुन्हा एन्टर दाबतो, पुन्हा दाबतो,
दार वाजवलं की आतल्याची आंघोळ
लवकर उरकते, असं समजून.
“काय बे, सोड की आता!”
“माझं कन्व्हर्ज होईना, थांब की बे!”
आणि ज्याच्यापायी सगळे अडलेत
तो इरण्णा हत्तुरे सात रस्त्याला चहा पीत बसलेला,
आलेखाची खिडकी तशीच उघडी,
परवाना खुर्चीवर,
एसटीत टाकलेल्या रुमालासारखा.

रात्री मात्र चारही मोकळे.
कुलूपबंद लॅबमध्ये नुसते पडून,
वर्षाचं भाडं खात.

मे महिन्यात मी स्क्रिप्ट लिहायला घेतली.
बाहेर त्रेचाळीस, आणि कॉलेजात एसी फक्त सर्व्हरला,
म्हणून मीही सर्व्हरच्या खोलीत, स्वेटर घालून.
(सोलापुरात, मे महिन्यात, स्वेटर.
आईला सांगितलं तर तिने कपाळाला हात लावून पाहिला.)

रांग मला कुणी शिकवायची गरज नव्हती.
साखर पेठेतल्या विडी ब्रँचपुढे
आईच्या पदराला धरून मी मोठी झाले.
ती वाट पाहता पाहता कट्टे मोजायची,
ओकटी, रेंडू, मूडू, नालुगु,
आणि चेकरचा हात रिकामा झाला
की पुढची बाई टोपली सरकवायचीच.
तो हात रिकामा राहिलेला
मी कधी पाहिला नाही.

तेवढंच लिहिलं.
नेटलिस्ट द्या, घरी जा, जेवा, झोपा.
परवाना सुटला की पुढचा जॉब आपोआप आत.
वीस मिनिटं कुणी हललं नाही तर रुमाल उचलायचा.
आणि लहान कामं आधी,
दोन मिनिटांचं अॅम्प्लिफायर
दोन दिवसांच्या कामामागे कशाला ताटकळत ठेवायचं?

जूनमध्ये भांडणं थांबली.
एचओडी सर म्हणाले, “विजयालक्ष्मी, छान.”
पहाटे तीनला चारही परवाने राबत होते.

मग एका शनिवारी लॉग वाचताना
मल्लिनाथ बिराजदार सापडला.
ऑसिलेटर, हजार वेळा चालवायचा, थोडा थोडा बदलून.
काम लांबलचक, म्हणून शेवटी.
रोज नवी लहान कामं यायची, त्याच्या पुढे जायची.
दोनशे सोळा तास.
तो एकदाही विचारायला आला नव्हता.
त्याला वाटलं असेल, रांग आहे, म्हणजे न्याय असणार.

मला ब्रँचपुढची संध्याकाळ आठवली.
“अक्का, माझ्या पाचशेच आहेत, जाऊ दे की पुढं,”
आणि आई बाजूला व्हायची. दर वेळी.
तिच्या हजार.
दिवे लागायचे, चेकर वैतागलेला असायचा,
आणि वैतागलेल्या हाताला
विड्या जास्त वाईट दिसतात.
छाट काढलेला ढीग ती पदरात घेऊन यायची,
वाटेत बोलायची नाही.
मी ते सगळं पाहिलं होतं,
आणि तरी तोच नियम लिहून बसले होते,
वर शाबासकीही घेतली होती.

एक ओळ वाढवली.
वाट पाहिलेला प्रत्येक तास
वजनात धरायचा.

त्या रात्री फोनच्या उजेडात बघत बसले.
शेजारी आईची बोटं झोपेतही पान वळत होती,
पंधरा वर्षं झाली सोडून, तरी.
तिचा डोळा उघडला.
“काय बघतीस?”
“रांग.”
“कुणाचा नंबर?”
“बिराजदारचा.”
“लागला?”
तीन वाजून दहा मिनिटं. चौथा परवाना.
“लागला.”
“मग झोप,” ती म्हणाली
आणि कुशीवर वळली.